आमचं दफ्तर मंडळाकडे देताना

घरातले जुने मोडी कागद इतिहास मंडळाला द्यायचे म्हणजे पिशवीत भरायचे, नेऊन टेबलावर ठेवायचे आणि चहा घेऊन परत यायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पुष्कळदा होतंही तसंच, आणि तसं झालं की त्या कागदांचं निम्मं मोल त्याच टेबलावर संपतं. आमच्या घराण्याचे अकरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळाकडे रीतसर दिले. कागद माळ्यावरून खाली उतरल्यापासून दानपत्रावर सह्या होईपर्यंत काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे. वाई, कोरेगाव, खटाव या पट्ट्यात अजून कितीतरी घरांत असे रुमाल पडून आहेत आणि वाडे तर भराभर उतरवले जाताहेत.

आमचं घर कुलकर्ण्यांचं. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, गावकामाची चालू दप्तरं तलाठ्याकडे गेली. त्याआधीचं जे होतं, पेशवाईतलं, साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातलं आणि १८४८ साली राज्य खालसा झाल्यानंतरचं, ते घरातच राहिलं. ते एवढं नीट का राहिलं, याचं कारण मला पुढे समजलं. मुंबई इलाख्यात १८५२ पासून इनाम कमिशनचं काम सुरू झालं आणि ज्याच्याकडे इनाम, वतन किंवा हक्क असेल त्याला लेखी पुरावा दाखवावा लागला. ज्याच्याकडे कागद होता त्याचं इनाम टिकलं, नव्हता त्याचं गेलं. त्या धास्तीनं आमच्या कुणा पूर्वजानं सगळे कागद निवडले, महत्त्वाच्यांच्या नकला करवल्या, विषयवार रुमाल बांधले आणि प्रत्येक रुमालाच्या आत एक लांब चिठ्ठी ठेवली. पुढच्या पिढ्यांनी देवघराशेजारच्या माळ्यावर त्यांना हातही लावला नाही. सगळ्यांचं नशीब असं नसतं. आमच्या घराण्याची दुसरी शाखा शेजारच्या तालुक्यात होती. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत त्यांचा वाडा गेला आणि त्याबरोबर त्यांचं सगळं दफ्तर. त्या गावाबद्दल आज जे काही कळतं ते आमच्याकडच्या नकलांतून, तेही तुटक.

वाडा उतरवायचं ठरलं तेव्हा चुलतभावानं मला फोन केला. मी बँकेतून निवृत्त झालेली, सवड असलेली आणि कागद चाळण्याची सवय असलेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ओळखीतल्या एका मोडी शिकवणाऱ्या सरांना विचारलं तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य हे सांगितलं, "गाठ सोडू नका. आहे तसा फोटो काढा आणि मग मला बोलवा."

रुमालाची गाठ सोडून कागद पसरले की कुठला कागद कुणाशेजारी होता हे कायमचं जातं. शिवेच्या तंट्याचा महजर (गावसभेचा साक्षी-पुराव्यासह लिहिलेला निवाडा), त्याच्याखाली एका विहिरीच्या खर्चाची यादी आणि त्याखाली एका बाईनं दिलेलं कबुलीपत्र असे तीन कागद एकाच घडीत सापडले, तर त्यांचा एकमेकांशी संबंध आहे. सुटे सापडले तर ते तीन वेगळे कागद होतात आणि विहीर कुठली, बाई कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी माळ्याचा फोटो, मग प्रत्येक रुमालाचा चारी बाजूंनी, मग आतली चिठ्ठी, मग एकेक थर. रुमालाला आकडा, आतल्या कागदाला आकडा आणि तो आकडा कागदावर नाही, तर सोबतच्या चिठ्ठीवर, साध्या शिसपेन्सिलीनं. बॉलपेन त्या खोलीत आणायचंच नाही, असा सरांचा दंडकच होता.

हे काम आम्ही हिवाळ्यात धरलं. वाईकडचा पावसाळा म्हणजे भिंतींना ओल आणि हवेत दमटपणा, त्या दिवसांत जुना कागद उघडला की बुरशी धरते. कागद उन्हात वाळवायचा मोह अनेकांना होतो. तोही टाळायचा. सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर, जुन्या धुतलेल्या धोतरावर तो मोकळा ठेवायचा. धूळ फुंकून उडवायची नाही, मऊ ब्रशनं मधून कडेकडे सरकवायची, तोंडाला मास्क लावून. कसर लागलेले कागद बाजूला, वाळवीनं खाल्लेले त्याहून वेगळे. गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नाहीत, खाली जाड कागदाचा तुकडा सरकवून हळू सोडवायच्या.

सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं होतं? वाळवीनं नाही. मागच्या पिढीत कुणीतरी फार प्रेमानं काही फाटके कागद चिकटपट्टीनं जोडले होते. पट्टी सुकून गळून पडली होती आणि तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडले होते. त्या डागांखालची अक्षरं परत येत नाहीत. लॅमिनेशनचंही तसंच. जी घरं आपली सनद लॅमिनेट करून भिंतीवर लावतात त्यांना मी आता हात जोडून सांगते, करू नका.

कागदांकडे रोज बघता बघता एक गोष्ट आपोआप कळत गेली. सर्वांत जुने कागद सर्वांत धडधाकट होते. तो हातकागद, जुन्नरचा नाहीतर दौलताबादचा, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला. दोनशे-अडीचशे वर्षांनंतरही घडी उलगडली की तो कापडासारखा पडतो. त्यावरची काजळीची शाई अजून काळीभोर आहे, अक्षर सुकवायला टाकलेल्या वाळूचे कण काही ठिकाणी चमकतात. ती शाई पाण्याला मात्र फार भिते, थेंब पडला की ओळ पसरते. उलट १८८० नंतरचा गिरणीचा कागद हात लावला की कडेनं तुटत होता. लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतःच्याच आम्लानं जळत जातो. आमच्या आजोबांच्या कीर्द-खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, त्यांच्या पणजोबांच्या महजरांपेक्षा जास्त आजारी निघाल्या. त्यामुळे आधी काय वाचवायचं याचा आमचा अंदाज पार उलटला.

मोडी मी या निमित्तानं शिकले. वळण ओळखायला लागायला फार दिवस लागत नाहीत, वाचायला लागतात. आधी आडवी ओळ आखायची आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं, अशी ही लिपी. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातून प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. राजश्रीचं नुसतं रा॥, मुक्कामाचं मु॥. रकमा वाचताना उभ्या रेघांकडे लक्ष ठेवायचं. आकड्यापुढं एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. धान्य खंडी, मण, पायली, शेरात. सरांनी आम्हाला पहिले कित्येक तास फक्त पत्राचा मायना आणि शेवट वाचायला लावले, "बहुत काय लिहिणे" आणि "मोर्तब सूद" डोळ्यांना इतकं पाठ होईपर्यंत की त्यातल्या अक्षरांवरून त्या लेखकाचा हात ओळखता यावा. ही पद्धत मला फार पटली.

तारखा हा वेगळाच आनंद होता. आमच्या शिवेच्या महजरावर साल आहे "सबा सबैन मया व अलफ". अरबी आकडे, उलट्या क्रमानं. सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७७. शुहूर ही मराठी दप्तरांत वापरली जाणारी जुनी कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर सुरू होतं. म्हणजे इ. स. १७७६-७७. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणिसांच्या हाती, आणि नानांचा मेणवलीचा वाडा आमच्या गावापासून हाकेच्या नाही तरी सकाळी निघून दुपारी पोचण्याच्या अंतरावर. शाळेच्या पुस्तकातलं साल आणि आमच्या गावची पेरणी एका ओळीत आल्यावर मी बराच वेळ पुढचं वाचलंच नाही.

हा महजर दोन गावांच्या शिवेचा. ओढ्याच्या अलीकडची गायरानाची पट्टी कुणाची, यावर तंटा. गोत, म्हणजे गावच्या वतनदारांची सभा, जमलं, जुनी माणसं विचारली गेली, आणि सर्वांत वजन पडलं ते महार वतनदाराच्या साक्षीला. शीव कुठून कशी जाते हे सांगण्याचा अधिकार त्याचा, पाटलाचा किंवा कुलकर्ण्याचा नव्हे. त्याची साक्ष नावासकट, बापाच्या नावासकट, सात ओळी भरून नोंदली आहे. खाली ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या निशाण्या आहेत. कुणब्यांचे नांगर, न्हाव्याचा आरसा, वाण्याचा तराजू. सरांनी आरशाच्या त्या छोट्या वर्तुळावर बोट न टेकवता बोट धरलं आणि म्हणाले, "हा कागद तुमच्या घरात होता. तुमचा एकट्याचा नव्हता."

पुढच्या सगळ्या निर्णयांना मी हीच कसोटी लावली.

कागद कुणाला द्यायचे, यावर घरात खूप बोलणं झालं. एक मत होतं, विकावेत. बातमी फुटल्यावर एक जण गाडी घेऊन आलाही होता. त्याला कागद नकोच होते, वरचे जुने मुद्रांक तेवढे कापून हवे होते. दुसरं मत होतं, पुण्याला द्यावेत, मोठ्या ठिकाणी. त्या मतामागे मान होता आणि कारणही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत होते. १८९८ साली आलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा त्यांचा पहिला खंड वाईत सापडलेल्या कागदांवर उभा आहे. १९१० साली त्यांनी सरदार मेहेंदळ्यांच्या साथीनं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. असे कागद तिथं गेले नसते तर कितीतरी आज नसते. हे ऋण मी मानते.

तरी माझं मन गावाजवळच राहावं असंच होतं. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी केवढा संग्रह केला होता! मेणवलीच्या दफ्तरापासून चित्रांपर्यंत. ते १९२६ साली गेले आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो सुरक्षित आहे, अभ्यासकांनी त्यातून मोठं काम केलं आहे. पण साताऱ्याच्या शाळेतल्या मुलाला आपल्या जिल्ह्याचा हा ठेवा पाहायला पुण्याला जावं लागतं, आणि मुळात असा ठेवा होता हे त्याला ठाऊकच नसतं. याउलट धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघा. प्राचीन तगर, ज्याचा उल्लेख 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्यानं शेतात, ओढ्याकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. पुढे सरकारनं संग्रह घेतला, पण संग्रहालय तेरलाच राहिलं, त्यांच्याच नावानं. मी मुद्दाम जाऊन आले. हस्तिदंती स्त्रीमूर्ती, मातीचे दिवे, मणी, आणि बाहेर आलं की तीच माती, आणि चालत जावं इतक्या अंतरावर विटांचं त्रिविक्रम मंदिर. वस्तू आणि तिची जागा एकाच दिवसात दिसते. पुण्या-मुंबईच्या काचेच्या कपाटात हे होत नाही, कितीही चांगला उजेड दिला तरी.

अर्थात गावाजवळ म्हणजे कुठेही नाही. एका मोठ्या संस्थेत आम्ही आधी चौकशी केली होती. तिथं "ठेवून जा, सवडीनं बघू" असं उत्तर मिळालं. पोच मिळेल का, तर "लागणार असेल तर देऊ." पोचेशिवाय आणि यादीशिवाय कागद घेणारी जागा लहान असो वा मोठी, तिथं देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. कामाचा भार असतो, माणसं अपुरी असतात, सगळं समजतं. पण यादी नसलेला कागद हरवला तर तो हरवला हेसुद्धा कळत नाही.

शेवटी ज्या मंडळाकडे गेलो ते एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत चालतं. निवृत्त शिक्षक, एक वकील, एक औषधांचे दुकानदार, कॉलेजातली दोन-तीन मुलं. वर्गणीवर सगळा कारभार. त्यांच्याकडे काय नाही याची यादी मोठी होईल. पण दाखल नोंदवही होती, पहिल्या पानापासून एका ओळीत, खाडाखोड न करता, आणि ती त्यांनी न मागता आमच्यापुढे ठेवली. १९७० च्या सुमाराला आलेली वस्तू दाखवा म्हटल्यावर ती पाच मिनिटांत समोर आली. माझा निर्णय तिथंच झाला.

मग कागदपत्रांचे कागद. आमचं दफ्तर सामाईक वडिलोपार्जित, त्यामुळे कुणा एकानं दान करून चालत नाही. वकिलांनी सगळ्या शाखांची वंशावळ काढायला लावली आणि प्रत्येक हयात वारसाची लेखी संमती घ्यायला सांगितलं, लेकींचीसुद्धा. काही पुण्यात, काही इंदुरात, एक पुतणी कॅनडात. आत्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या घरानं माझी सही कशावर घेतली नव्हती, यावर घेतली." त्यांनी ती मोडीत केली. लहानपणी आजोबांनी शिकवलेली, फक्त नावापुरती. जुन्या वस्तूंबद्दलचा १९७२ चा कायदाही वकिलांनी समजावून सांगितला. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं पंच्याहत्तर वर्षांपलीकडचं हस्तलिखित त्यात येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. कॅनडाच्या पुतणीला आठवण म्हणून एक कागद हवा होता. तिला छान छापील प्रत करून पाठवली.

दानपत्रात आम्ही जे लिहून घेतलं ते इथं देते, कुणाला उपयोग व्हावा म्हणून. रुमाल फोडून विषयवार विखरायचे नाहीत, ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं राहतील. संग्रह विकता येणार नाही, बदलीत देता येणार नाही. मंडळ बंद पडलं तर तो जिल्ह्यातल्याच दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल. गावातल्या कुणालाही, जात, घराणं, कारण न विचारता, कागद पाहता येईल आणि छायाप्रत विनामूल्य मिळेल. चित्रप्रतींचा एक संच दुसऱ्या इमारतीत राहील. शेवटची अट माझ्या आग्रहानं आली. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, तिथल्या ग्रंथांची, वस्तूंची नासधूस झाली, ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि फार दिवस झोप नीट लागली नव्हती. आग, पूर, गळकं छप्पर, माणसाचा राग, यातलं काहीही कुठेही येऊ शकतं. प्रत वेगळ्या छपराखाली हवी.

सोपवण्याच्या वेळी प्रत्येक रुमाल आमच्यासमोर उघडला, आमच्या यादीशी ताडून पानं मोजली आणि दोन्हीकडच्या सह्या झाल्या. आमच्या यादीत कागदाचा प्रकार, साल, मायन्यातली नावं, गाव, लांबी-रुंदी, स्थिती एवढंच होतं. पूर्ण वाचन नाही. ते नंतरही होतं. सगळं वाचून मगच देऊ म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांचे कागद अजून माळ्यावरच आहेत.

मग धुरी. मंडळानं एक लाकडी कपाट केलं आहे, आत जाळीचे कप्पे, खाली छोटा दिवा आणि त्यावर बशीत थायमॉल. आपण घरात ज्याला ओव्याचं फूल म्हणतो तेच हे, वासावरून मी लगेच ओळखलं. त्या वाफेत कागद काही दिवस बंद ठेवले की बुरशी मरते. मग जीर्ण कागदांच्या मागे जपानी टिश्यू, अगदी पातळ, गव्हाच्या खळीनं लावलेला, नको वाटला तर पाण्यानं सुटेल असा. नवे रुमाल मांजरपाटाचे, खळ पूर्ण धुऊन काढलेले. जुने रुमाल फेकले नाहीत, तेही नोंदवहीत चढले. त्यांच्या कडेला नीळ आणि हळदीचे डाग आहेत, म्हणजे ते आधी घरात वापरलेलं कापड होतं.

स्कॅनिंग कॉलेजच्या मुलांनी केलं. कागद काचेवर पालथा न दाबता, वर कॅमेरा लावून, शेजारी मोजपट्टी ठेवून. चित्राच्या नावात रुमालाचा आणि कागदाचा आकडा. पाठकोरी बाजूसुद्धा घ्यायची, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, कारण पाठीवरच्या दोन शब्दांत अनेकदा कागद कुणी, कधी, कशासाठी उघडला ते असतं.

याच सुमारास राज्यात कुणबी नोंदींचा विषय तापला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. आमच्या कागदांची बातमी गावात होतीच. लोक यायला लागले, काही आशेनं, काही संशयानं. कुलकर्ण्यांनी काही लपवलं तर नाही ना, असाही सूर होता, आणि त्या सुराला इतिहास आहे हे मी नाकारत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी तेव्हा जे धोरण ठेवलं त्याबद्दल मला फार आदर वाटतो. जो येईल त्याला मूळ कागद दाखवायचा, अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायचं, जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. प्रमाणपत्राचं काम तहसीलचं, तिथल्या जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकांचं. इथं फक्त वाचन. काहींना आपल्या घराण्याच्या नावापुढं हवा तो शब्द मिळाला, पुष्कळांना नाही. पण परत जाताना बहुतेकांनी आपल्या पणजोबांचं अक्षर किंवा नांगराची निशाणी फोनमध्ये टिपून नेली. पुढे गावातून आणखी दोन घरांनी आपले कागद बाहेर काढले. देवळाच्या गुरवांकडे उत्सवखर्चाच्या वह्या निघाल्या.

शिवेच्या महजराचं वाचन आम्ही गावातच केलं, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. साक्षीच्या त्या सात ओळी वाचल्या तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. ती त्याच घराण्यातली, इतिहासात एम. ए. करणारी. तिनं विचारलं, नाव परत वाचता का. परत वाचलं. तिच्या आजोबांना त्या नावाच्या दोन पिढ्या अलीकडेपर्यंतची साखळी ठाऊक होती, त्या पलीकडे काही नव्हतं. त्यानंतर ती मंडळाच्या मोडी वर्गाला यायला लागली. आता रुमाल सहा आणि सात तिच्याकडे आहेत, आणि माझ्याहून तिचं वाचन स्वच्छ आहे. घाईच्या हाताचा "स" आणि "ग" मला अजून फसवतात, तिला नाही.

माझ्याकडे कीर्दी आहेत. सरकारी कागदात बायका क्वचित येतात, आल्या तर विधवा म्हणून, हक्क सोडताना. कीर्दीत त्या रोज येतात. डिंक, आळीव, खोबरं, तूप अशी ओळ आली की घरात बाळंतीण आहे हे कळतं. पुढच्या पानावर सुईणीला लुगडं आणि शेरभर गूळ दिल्याची नोंद. एका वर्षी, १८७६-७७ च्या दुष्काळात, आळिवाची ओळ आहे आणि पुढे सुईणीची नोंद नाही. मी तिथली पुढची पानं पुन्हा पुन्हा तपासते आहे. पानं तुटकी आहेत, एखादं गळालेलंही असू शकेल, म्हणून यादीत मी त्याबद्दल काही अनुमान लिहिलेलं नाही, फक्त पानाचा क्रमांक आणि "तपासणे" एवढं लिहिलं आहे.

याच कीर्दींचा कागद सर्वांत नाजूक आहे, त्यामुळे आता वाचन थांबवून आधी त्यांची सगळी चित्रं काढून घेण्याचं काम चालू आहे. मंडळाला वरून चित्र घेणारा दुसरा कॅमेरा हवा आहे, मागच्या खोलीच्या छपराची कौलं पावसाआधी बदलायची आहेत आणि गुरवांच्या वह्यांची यादी करायला माणूस हवा आहे. रविवारी सकाळी वर्ग असतो. नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी मोडी शिकवत नाहीत, शिसपेन्सील आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा देतात.